रॅम व साठवण यांतील वेगाचा फरक

रॅम म्हणजे संगणकाची मुख्य स्मृती होय. तिच्यातून माहिती सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते. एसएसडीला त्याच्या शेकडो पट, तर हार्ड डिस्कला सुमारे लाख पट वेळ लागतो. हार्ड डिस्कमध्ये वाचनशीर्ष सरकवून तबकडी फिरण्याची वाट पाहावी लागते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची सरासरी प्रतीक्षाच ४.१७ मिलिसेकंद भरते. एसएसडीत हलणारे भाग नसतात, परंतु विसंवाहकात कोंडलेला विद्युतभार वाचणे व विशेषतः बदलणे संथ असते. रॅममधील सूक्ष्म धारित्रांपर्यंत थेट पोहोचता येते. मात्र त्यांतील भार गळतो, म्हणून तो साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरला जातो. वीज जाताच रॅममधील मजकूर नाहीसा होतो. भारनियमनाची झळ सोसलेल्या बीडसारख्या जिल्ह्यांत डेस्कटॉप संगणकाला यूपीएस जोडण्याचे हे एक कारण होय.