व्होल्गाच्या मुखाशी, 1900

साल 1900. वसंत ऋतू. तुम्ही अस्त्राखानच्या खाली, व्होल्गा जिथे फाटे फोडत कॅस्पियनला मिळते तिथे, पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवरच्या शेडमध्ये उभे आहात. नदीवरचा बर्फ फुटला आहे. अंडी घालायला स्टर्जन मासे समुद्रातून वर चढू लागलेत.

होडी लागते. कोळी एक मादी फळ्यांवर ओढून घेतात. बेलुगा जातीचा स्टर्जन! अंगावर खवले नाहीत, पाठीवर हाडांच्या ढालींची रांग, लांबी तुमच्या दुप्पट. पोटात अंडी धरायला हिला पंधरा-वीस वर्षं लागली आहेत.

आता सगळी घाई. मासा ताजा असतानाच पोट चिरून गाभोळी बाहेर काढतात आणि चौकटीवर ताणलेल्या जाळीवर ठेवतात. कारागीर तळहाताने ती हलकेच घोळवतो. राखाडी दाणे सुटे होऊन खालच्या लाकडी टबात पडतात, पडदा वर राहतो. मग बास्कुनचाक सरोवराचं बारीक मीठ. कारागीर कोपरापर्यंत बाह्या सारून दाणे खालीवर करतो. आधी ते चिकटतात, मग पाणी सुटतं आणि बोटांमधून मोकळे घरंगळू लागतात. तोच क्षण गाठायचा. मीठ जास्त झालं तर चव मेली, कमी पडलं तर माल नासला. शंभराला तीन-चार भाग मीठ असलेला हा माल म्हणजे ‘मालोसोल’. अशी खारवलेली स्टर्जनची अंडी म्हणजे कॅव्हियार, आणि त्याची सारी थोरवी या हाताच्या अंदाजात आहे.

कारागीर तुमच्या अंगठ्यामागे, हाताच्या पाठीवर चिमूटभर दाणे ठेवतो. आधी वास घ्या. मासळीचा उग्र दर्प आला, तर खाऊ नका. आता दाणे जिभेवर घ्या. चावू नका, टाळूला हलकेच दाबा. पातळ साल फुटते; आधी लोण्याचा स्निग्धपणा, मग अक्रोडाची छटा, शेवटी समुद्र. जेवणाच्या मेजावर चमचा शिंपल्याचा किंवा हाडाचा हवा, चांदीचा नको. चांदीने चव बिघडते. सोबत गरम ब्लिनी, म्हणजे रशियन धिरडी, आणि बिनमिठाचं लोणी पुरे. कांदा-लिंबाने हा नाजूक स्वाद झाकून टाकू नका.

या शेडमधून बाहेर पडताना नदीकडे नीट पाहा. पुढे व्होल्गोग्राडचं धरण वरची वाट अडवेल. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटेल आणि त्यानंतर चोरटी मासेमारी मोकाट सुटेल. 1998 पासून साऱ्या स्टर्जन जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार, धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) कराराच्या नियंत्रणाखाली येईल. आज रानटी बेलुगा नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

म्हणून आजच्या काळात परतल्यावर कॅव्हियारची डबी विकत घेताना तिच्यावरचा साइट्स कोड वाचा. पहिली अक्षरं जातीची, बेलुगासाठी ‘एचयूएस’ (HUS). त्यानंतरचं ‘सी’ (C) म्हणजे बंदिस्त पैदाशीचा मासा, ‘डब्ल्यू’ (W) म्हणजे रानटी. ‘सी’च घ्या. तीस ग्रॅमची डबी दोघांना पुरते. ती फ्रीजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवा, वाढताना बर्फावर मांडा आणि एकदा उघडली की त्याच दिवशी संपवा. थोडंच खा, सावकाश खा. पंधरा-वीस वर्षांच्या वाढीचा मान तेवढ्याने राखला जातो, आणि खरी चवही तशीच कळते.