खर्जातले चार सूर

मोत्सार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचे (के. ६२२) मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. रचना १७९१च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली, ५ डिसेंबरला मोत्सार्ट गेला आणि पुढे ते बाडही नाहीसे झाले. त्यामुळे या कॉन्चेर्टोचे प्रत्येक ध्वनिमुद्रण हे एका हरवलेल्या संहितेचे वाचन ठरते. जुन्या पोथीचे पाठ ताडून पाहावेत, तशी ही ध्वनिमुद्रणे मी एकापुढे एक ठेवून ऐकली. प्रश्न एवढाच होता : वादकाची शैली कुठे संपते आणि पाठभेद कुठे सुरू होतो?

पाठभेदाचे मूळ वाद्यात आहे. मोत्सार्टने ही रचना आपला व्हिएन्नातील मित्र अंतोन श्टाडलर याच्यासाठी केली. श्टाडलरला खर्जाची ओढ होती. साधे क्लॅरिनेट ज्या 'ई'वर थांबते, त्याखाली त्याचे वाद्य आणखी चार अर्धस्वर उतरून 'सी'पर्यंत जाई. आज त्याला बॅसेट क्लॅरिनेट म्हणतात.

१८०१मध्ये कॉन्चेर्टो छापला गेला, तो मात्र साध्या क्लॅरिनेटसाठी. श्टाडलरसारखे वाद्य इतरांकडे नव्हते. प्रकाशकाला तर गिऱ्हाईक हवे. खर्जातल्या जागा वर उचलल्या गेल्या. बदल करणाऱ्याचे नाव अज्ञातच राहिले. १८०२मध्ये 'आल्गेमाइने मुझिकालिशे त्साइटुंग'च्या समीक्षकाने हे ओळखले आणि मूळ जागांचे काही नमुने दिले. श्टाडलरकडच्या हस्तलिखितांविषयी मोत्सार्टची पत्नी कॉन्स्टान्झ हिने १८०० साली एका पत्रात लिहिले आहे : पेटी चोरीस गेली असे तो सांगतो, ती ७३ डुकाटांना गहाण पडली असे दुसरे सांगतात. आपल्या हाती उरले ते त्या समीक्षकाचे नमुने आणि विंटरथूर येथे जपलेला, बॅसेट हॉर्नसाठी लिहिलेला पहिल्या भागाचा १९९ मात्रागटांचा अपुरा खर्डा.

ध्वनिमुद्रणांची पहिली पिढी छापील पाठावरच वाढली. रेजिनल्ड केल (१९४०, संचालक माल्कम सार्जंट) सुराला कंप देतो; क्लॅरिनेटवर तो तेव्हा अनेकांना रुचत नसे. व्हिएन्नाचा लेओपोल्ड व्लाख (१९४९, कारायान) तोच सूर सरळ, गडद ठेवतो. जॅक ब्रायमर आणि बीचम यांचा अडाजियो इतका संथ आहे, की श्वास कुठे घेतला ते कळत नाही. क्लीव्हलंडचा रॉबर्ट मार्सेलस (१९६१, जॉर्ज सेल) नेमका आणि नितळ. चौघे चार स्वभावांचे, पण उतरती सुरावट सगळ्यांची एकाच पायरीवरून परत फिरते. हा शैलीचा नव्हे, संहितेचा ठसा आहे.

तो पुसण्याचा प्रयत्न प्रागमध्ये सुरू झाला. यिर्शी क्राटोखविल यांच्या संशोधनाच्या आधारे १९५१मध्ये तिथे हा कॉन्चेर्टो लांब नळीच्या क्लॅरिनेटवर वाजवला गेला. हान्स डाइन्झर (१९७३), थिया किंग (१९८५) आणि झाबीने मेयर (१९९०) यांनी तो खर्ज ध्वनिमुद्रणात आणला. १९९२मध्ये पामेला पूलिन यांना रीगा येथे १७९४च्या मैफलींच्या कार्यक्रमपत्रिका सापडल्या. त्यांवर श्टाडलरच्या वाद्याचे चित्र होते : खाली काटकोनात वळणारी नळी आणि टोकाला भोपळ्यासारखा गोल. त्याआधीच्या प्रतिकृती या रूपाची कल्पना नसताना घडलेल्या होत्या.

मार्सेलस आणि मेयर लागोपाठ ऐकले, तर फरक चार सुरांपुरता राहत नाही. पहिल्या भागात क्लॅरिनेट मधूनच व्हायोलिनच्या सुरावटीखाली साथ धरते. खर्ज परत येताच ती साथ खरोखर खाली जाऊन बसते. वरच्या सप्तकात एक वाक्य आणि खाली त्याचे उत्तर, असा संवाद एकाच नळीतून ऐकू येतो. छापील पाठात हे दोन आवाज एकमेकांना खेटून उभे राहतात, आणि संवादाचे स्वगत होते.

तरीही नव्या पाठाला 'मूळ' म्हणताना जपून राहावे. समीक्षकाचे नमुने आणि विंटरथूरचा खर्डा जिथे साक्ष देतात, तिथे जमीन पक्की आहे. अडाजियोत आणि शेवटच्या भागात बरेचसे अनुमानच आहे. कुठली जागा खाली न्यायची, याबाबत सर्व पुनर्रचनाकार एकमताचे नाहीत. मोत्सार्टने तिथे काय लिहिले होते, हे आज कोणीच ठामपणे सांगू शकत नाही.

म्हणून एक पाठ खरा आणि दुसरा खोटा, अशी विभागणी मला मान्य नाही. दीडशे वर्षे श्रोत्यांनी ज्यावर जीव लावला तो अपुरा पाठ होता. पण ब्रायमरच्या अडाजियोत कमी काही जाणवत नाही. पुनर्रचनेने दिले ते वेगळे आहे. एका विशिष्ट माणसाच्या हातातले विशिष्ट वाद्य मोत्सार्टच्या कानात होते, आणि रचना त्या मैत्रीतून आकाराला आली, हे आता ऐकू येते. ते कागदावर वाचून कळत नव्हते.