कॅमेऱ्याचे भय आणि वाटाण्याचा वेल

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रकार म्हणून बडोद्यात होते, तेव्हा तिथे एक समज होता: कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्याला मरण येते. धंदा बसला. भारतीय चित्रपटाच्या जनकाला भयकथा अशी प्रथम भेटली, तीही पडद्याबाहेर.

१९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तत्पूर्वी अतिश्रमाने काही काळ दृष्टीही गेली होती. विल्यमसन कॅमेरा आला, पण कथापटाला भांडवल देणार कोण?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी रोवून महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. नट नाही, संवाद नाही; पण मिनिटाभरात माती फोडून वेल सळसळत वर चढतो. हे दृश्य थोडे अंगावरही येत असणार. डोळ्यांना कधीच न दिसणारी हालचाल दाखवणे, भयपटाचे मर्म तरी याहून वेगळे काय? भांडवल मिळाले, १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवले.

तिथल्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) महासर्पाशी झुंजणारा बाळकृष्ण म्हणजे त्यांचीच चिमुकली मुलगी, मंदाकिनी.