करारबद्ध मजुरी आणि 'मजूरटंचाई' : मॉरिशसमधील मराठी मजूर ते माहूर परिसरातील ऊसतोड कामगार

प्रस्तावना :
मराठी घरांत पांढऱ्या साखरेला पूर्वी 'मोरस' म्हणत. हा शब्द मॉरिशस बेटाच्या नावावरून आला. ज्या मुंबई बंदरात ही साखर उतरे, त्याच बंदरातून एकोणिसाव्या शतकात कोकण व घाटावरील हजारो मजूर त्या बेटाकडे रवाना झाले. साखरेच्या उत्पादनासाठी बाहेरून तात्पुरते मजूर आणण्याची जी पद्धत तेथे रूढ झाली, तिचा मागोवा घेत प्रस्तुत लेखात माहूर-किनवट परिसरातील ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराचा विचार केला आहे.

टंचाई कोणाची ?
मॉरिशसमधील गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपुष्टात आली. मुक्त झालेल्यांची संख्या सुमारे ६६ हजार होती. मळेवाल्यांना ब्रिटिश सरकारकडून सुमारे वीस लक्ष पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काहीच मिळाले नाही. उलट त्यांच्यावर 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे राबण्याची सक्ती झाली. १८३९ मध्ये ही सक्ती उठताच बहुसंख्य लोकांनी मळे सोडले. माणसे बेटावरच होती, पण जुन्या अटींवर काम करण्यास ती तयार नव्हती. मळेवाल्यांनी या स्थितीला 'मजूरटंचाई' असे नाव दिले आणि वसाहतीच्या सरकारने ते जसेच्या तसे स्वीकारले. या शब्दाकडे अभ्यासकांनी सावधपणे पाहिले पाहिजे.

तजवीज मात्र आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईस येथे आणले. १८३७ च्या कायद्याने पाच वर्षांच्या कराराची चौकट ठरविली. फसवणुकीच्या तक्रारींमुळे १८३९ मध्ये ही भरती बंद करण्यात आली; परंतु मळेवाल्यांच्या दबावामुळे १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. मराठी मजूर मुख्यतः यानंतरच्या दोन-तीन दशकांत गेले. रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी, कोल्हापूर, पुणे या भागांतील हे लोक. त्यांना नेणारा बहुधा गावचाच, आधी जाऊन आलेला माणूस असे. मळ्यावर तोच 'सरदार' म्हणून मिरवे.

कराराचे स्वरूप :
सुरुवातीच्या करारांत पुरुष मजुरास दरमहा पाच रुपये व शिधा कबूल केलेला आढळतो. मात्र एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. ही 'दुहेरी कपात' या व्यवस्थेचा कणा होती. आजारी पडलेला मजूर करार संपताना मालकाचेच देणे लागत असल्याचे दिसे. करार संपलेल्या मजुरासही मोकळीक नव्हती. १८६७ च्या वटहुकमाने त्याला छायाचित्रासह पास बाळगणे भाग पाडले. तो जवळ नसला की भटकेपणाच्या आरोपाखाली अटक होई. अ‍ॅडॉल्फ द प्लेवित्झ यांच्या पुढाकाराने १८७१ मध्ये नऊ हजारांहून अधिक मजुरांनी या जाचाविरुद्ध अर्ज केला आणि १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला.

१९१० पर्यंत सुमारे साडेचार लक्ष भारतीय मॉरिशसला पोहोचले व त्यांतील बहुसंख्य परतले नाहीत. सरकारी नोंदवहीत मजुराचे व वडिलांचे नाव असे, आडनाव क्वचितच. त्यामुळे तेथील अनेक मराठी कुटुंबांचे आजचे आडनाव म्हणजे एखाद्या पूर्वजाचे पाळण्यातले नाव होय. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून हे लोक गेले, त्याच जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात करारबद्ध भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतापुढे तो फेटाळला गेला. बंदी आली १९१७ मध्ये, गोखल्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

मराठवाड्यातील ऊसतोड :
प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० मध्ये सुरू झाला व पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. तोडणीसाठी माणसे आली ती बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव), जालना, परभणी, नांदेड या कोरडवाहू मुलखातून. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला. माहूर-किनवटच्या डोंगराळ भागातील बंजारा तांडेही त्यात सामील झाले. यातील काही टोळ्या कर्नाटकातही जातात. तेथे भाषाही परकी आणि प्रशासनही परके.

'स्थानिक मजूर मिळत नाहीत' हे कारखान्यांचे उत्तर तपासण्यासारखे आहे. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील बारडोलीच्या साखर कारखान्याचा अभ्यास केला, तेव्हा गावोगावी हळपती शेतमजूर रिकामे असताना तोडणीसाठी खानदेशातून टोळ्या आणल्या जात असल्याचे त्यांना आढळले. गावापासून तुटलेला माणूस रात्री-अपरात्री कामाला उभा राहतो आणि हंगाम संपला की निघून जातो, हा त्यातील हिशेब. मॉरिशसच्या मळेवाल्यालाही हेच हवे होते.

व्यवस्थेतील साम्य तपशिलात दिसते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादम 'उचल' देतो आणि ती टनामागच्या दराने फेडून घेतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या खाती जाते. एक दिवस खाडा झाला की दंड कापला जातो. १८४० च्या दशकातील दुहेरी कपातीपासून हा दंड फार दूर नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये चव्हाट्यावर आले, तेव्हा खाडा टाळण्याची धडपड हेही त्यामागचे एक कारण म्हणून नोंदले गेले. आंतरराज्य स्थलांतरितांसाठी १९७९ मध्ये झालेल्या कायद्यात नोंदणी, प्रवासभाडे व विस्थापन भत्ता यांची तरतूद होती. परंतु मुकादमाच्या तोंडी व्यवहारापुढे ती बहुतांशी कागदावरच राहिली.

साधनांचा प्रश्न :
येथे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक विपरीत स्थिती उभी राहते. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या, छायाचित्रांसह, जतन केलेल्या आहेत. पोर्ट लुईसचा अप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला. १८६० च्या दशकात गेलेल्या एखाद्या रत्नागिरीच्या मजुराचे गाव, वय व उंचीसुद्धा तेथे सापडू शकते. माहूरच्या तांड्यातून १९७५ मध्ये तोडणीस गेलेल्या माणसाची अशी नावनिहाय नोंद सरकारदरबारी झाली नाही. मुकादमाची वही हंगाम संपताच निरुपयोगी ठरे. त्या काळासाठी वृद्ध मजुरांच्या मुलाखती आणि गावशाळांचे जुने हजेरीपट हीच साधने उरतात. हजेरीपटांत निदान दिवाळीनंतर आई-बापांबरोबर गेलेली मुले उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गैरहजर लागलेली असतात.