केनिया आणि टांझानिया : कमाई कुठे जास्त, आयुष्य कुठे जास्त?

दोन देशांपैकी पुढे कोण, असं मुलांनी विचारलं की आपण दरडोई उत्पन्नाचा आकडा सांगून मोकळे होतो. वर्गात मीही बरीच वर्षं हेच केलं. पण पूर्व आफ्रिकेतले केनिया आणि टांझानिया हे दोन शेजारी शेजारी ठेवून पाहिले की हे उत्तर किती अपुरं आहे ते कळतं.

ओळख

दोन्ही देशांवर ब्रिटिशांची सत्ता होती. टांगानिका १९६१ मध्ये आणि केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये टांगानिका आणि झांझिबार एक होऊन टांझानिया बनला. केनियाची लोकसंख्या २०१९ च्या जनगणनेत सुमारे पावणेपाच कोटी होती, टांझानियाची २०२२ मध्ये सहा कोटींच्या वर. स्वाहिली भाषा दोन्हीकडे चालते. किताबु, दुनिया, वकाती, वझिरी हे तिच्यातले शब्द उर्दू जाणणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत.

वाटा वेगळ्या का झाल्या?

केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी खासगी व्यापार आणि परदेशी भांडवलाला वाव दिला. नैरोबी साऱ्या भागाचं व्यापारी केंद्र झालं. पण जमीन आणि पैसा थोड्यांच्या हातात राहिला.

टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमु' म्हणत, म्हणजे आपला 'मुअल्लिम'च. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर त्यांनी बँका आणि मोठे उद्योग सरकारी केले, 'उजामा' नावाची सामूहिक खेडी वसवली. त्यात लाखो लोकांना सक्तीनं हलवलं गेलं, शेती ढासळली आणि देश तंगीत सापडला. मात्र साक्षरतेची मोठी मोहीम झाली, आणि शंभराहून जास्त जमातींना एक भाषा मिळाली. ही न्येरेरेंची कमाई आजही टिकून आहे.

आकडे काय सांगतात?

• उत्पन्न : केनियात वर्षाला माणशी सुमारे २,००० डॉलर, टांझानियात सुमारे १,२००.

• वीज : केनियात साधारण चारातल्या तिघांपर्यंत पोचली आहे, टांझानियात जवळपास निम्म्या लोकांपर्यंत.

• तालीम : केनियातला प्रौढ माणूस सरासरी सुमारे दोन वर्षं जास्त शिकलेला असतो.

• मानव विकास निर्देशांक (२०२५ चा अहवाल) : केनिया ०.६२८, टांझानिया ०.५५५.

• सरासरी आयुर्मान : केनिया सुमारे ६४ वर्षं, टांझानिया सुमारे ६७.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. जिथे कमाई, वीज आणि शाळा कमी, तिथला माणूस सरासरी तीन वर्षं जास्त जगतो. म्हणजे पैशाबरोबर हयात आपोआप वाढत नाही.

शाळा आणि भाषा

प्राथमिक शाळेची फी टांझानियानं २००१ च्या सुमारास बंद केली, केनियानं २००३ मध्ये. दोन्हीकडे मुलांची एवढी गर्दी झाली की वर्ग आणि शिक्षक अपुरे पडले. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिक शाळा एकदम इंग्रजीत. तिथे हुशार पोरंही अडखळतात. उर्दू माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना हा त्रास वेगळा सांगायला नको. केनियात इंग्रजी आधी येते, म्हणून नोकरीच्या बाजारात तिथली मुलं पुढे दिसतात.

सरासरीत न दिसणारी माणसं

केनियात मुस्लिम सुमारे ११ टक्के आहेत. ईशान्येकडचे गारिसा, वजीर आणि मंडेरा हे जिल्हे बहुतांश सोमाली मुस्लिमांचे. हा कोरडा मुलुख आहे, लोक उंट-शेळ्यांवर जगतात. २०२० ते २०२३ च्या दुष्काळात तिथली जनावरं मोठ्या प्रमाणावर मेली. शाळा लांब, दवाखाना त्याहून लांब. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा केनियानं २००७ मध्येच सुरू केली आणि जगानं तिचं कौतुक केलं. पण मंडेरातल्या आईला बाळंतपणासाठी दवाखाना हवा असतो, तिथे फोन पुरत नाही. नैरोबीची कमाई आणि मंडेराची तंगी मिळून जी सरासरी निघते, ती दोघांपैकी कुणाचीच नसते.

टांझानियातही दार-एस-सलाम आणि आतल्या खेड्यांत असंच अंतर आहे.

अमन

सुखासमाधानाच्या हिशोबात शांतताही धरावी लागते. केनियात २००७ च्या निवडणुकीनंतरच्या दंगलीत हजारावर माणसं मारली गेली आणि लाखो बेघर झाली. टांझानिया त्या मानानं शांत मानला जायचा. २०२१ पासून तिथे झांझिबारच्या सामिया सुलुहू हसन राष्ट्राध्यक्ष आहेत, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. पण ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत तिथेही रस्त्यावर रक्त सांडलं, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं.

मग पुढे कोण?

कमाई, वीज आणि शिक्षणात केनिया, आयुर्मानात टांझानिया. मुलांना प्रकल्पासाठी अशी तुलना करायची असेल, तर उत्पन्नाच्या आकड्याशेजारी तीन प्रश्न लिहायला सांगा : माणूस किती वर्षं जगतो? गरिबाची पोर कितवीपर्यंत शिकते? आजारी पडल्यावर दवाखाना किती लांब आहे? हे तीन रकाने भरल्याशिवाय 'पुढे' आणि 'मागे' हे शब्द वापरू देऊ नका.