वाऱ्यावर थंड होणारे एंजिन आणि त्याचा ताप

यंत्राचा इतिहास सांगताना त्याच्या जन्माची आणि विजयाची हकीकत बहुधा सांगितली जाते. त्याच्या दुखण्याची फारशी कोणी सांगत नाही. आम्हांस मात्र असे वाटते की, एखादे यंत्र कोणत्या समजुतींखाली घडले हे त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या विकारावरून अधिक लवकर उमगते. पश्चिम जर्मनीतील पोर्शे कंपनीने आपल्या 911 या धावत्या बाण्याच्या मोटारीत 1974 ते 1977 या काळात जे एंजिन बसविले, त्याचा ताप हा अशाच विकारांपैकी एक होय. या तापाचे निदान करू जाता आपल्याला स्टटगार्टच्या कारखान्यातून निघून थेट अमेरिकेच्या काँग्रेसच्या दारापर्यंत जावे लागते.

आधी थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. पेट्रोल जाळून जी उष्णता उत्पन्न होते तिच्यातला फार तर चौथा ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि एंजिनाच्या अंगावरून बाहेर घालवावी लागते. बहुतेक मोटारींत हे काम पाणी करते, आणि ते पाणी पुढे रेडिएटरमध्ये वाऱ्यावर निवते. हवेने थंड होणाऱ्या एंजिनात हा मध्यस्थच नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पाकळ्या असतात आणि पत्र्याच्या आवरणातून एक पंखा त्यांच्यावर वारा घालतो. आपल्याकडच्या जुन्या बजाज स्कूटरचे बाजूचे झाकण ज्यांनी काढून पाहिले आहे, त्यांना ही रचना नव्याने सांगावयास नको.

या पद्धतीचे आकर्षण मोठे होते. पाणी नाही म्हणजे गळती नाही, थंडीत गोठणे नाही, वजन कमी. अमेरिकेत फ्रँकलिन कंपनीने 1902 पासून 1934 पर्यंत अशा गाड्या विकल्या. परंतु त्याच देशात जनरल मोटर्सच्या चार्ल्स केटरिंग यांनी लोखंडी सिलिंडरवर तांब्याच्या पाकळ्या जोडून शेव्हरोलेट गाडी काढली, ती 1923 साली 759 गाड्या बांधून झाल्यावर कंपनीला परत घ्यावी लागली. प्रयोगशाळेत गुणी ठरलेले एंजिन रस्त्यावरच्या उन्हात टिकेना. जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांच्या फोक्सवॅगनने मात्र हवेची बाजू सावरून धरली आणि 1948 ची पोर्शे 356 ही तिच्याच वंशातली.

1963 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात 911 चे प्रथम दर्शन झाले. तिचे सहा सिलिंडरांचे एंजिन 1991 घन सेंटिमीटरचे आणि 130 अश्वशक्तीचे होते. त्याला हवेने थंड होणारे म्हणतात खरे, पण ही निम्मीच गोष्ट झाली. त्यातले तेल केवळ वंगण नव्हे. एंजिनाची बरीचशी उष्णता तेच उचलून नेते, आणि म्हणूनच त्यासाठी वेगळी टाकी नि तेल निववणारी जाळी दिलेली असते. जाणता मिस्त्री 911 तापली म्हणताच प्रथम तेलाकडे पाहतो तो याच कारणाने. मग तो पट्टा सैल आहे का पाहतो. पंख्यात चिंधी वा पाला अडकला आहे का, पाकळ्यांवर तेल आणि धूळ यांचा लेप बसला आहे का, मागच्या कोणी दुरुस्तीच्या वेळी एखादा पत्रा ‘निरुपयोगी’ म्हणून फेकून दिला आहे का, हे पाहतो. हा शेवटचा अपराध फार सर्रास घडतो. पत्रा निरुपयोगी नसतो. वाऱ्याला वाट दाखविणारा तोच असतो. तापमानाचा काटाच खोटे बोलत नाही ना, हेही एकदा तपासून घ्यावे लागते.

एवढे सगळे ठीक असूनही 1974 नंतरच्या पुष्कळ गाड्या तापतच राहिल्या, आणि येथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

एंजिन एव्हाना वाढत वाढत 2687 घन सेंटिमीटरचे झाले होते. त्याचे मूळ कवच ॲल्युमिनियमचे होते, ते 1968 च्या सुमारास वजन वाचविण्यासाठी मॅग्नेशियमचे करण्यात आले. या कवचात पोलादाचे 24 लांब स्टड आट्यांनी बसविलेले असतात आणि सिलिंडर व त्यावरचे माथे यांना ते कवचाशी घट्ट आवळून धरतात. आता धातूंचा स्वभाव पाहा. एका अंशाने तापले असता पोलाद दहा लाखांत सुमारे 12 भाग वाढते. ॲल्युमिनियम सुमारे 23 आणि मॅग्नेशियम सुमारे 26. एंजिन तापले की ॲल्युमिनियमचे सिलिंडर लांबतात, पोलादी स्टड त्या मानाने कमी लांबतात, आणि त्यांच्यावरचा ताण वाढतो. मर्यादेबाहेर ताप गेला की उष्णतेने मऊ पडलेले मॅग्नेशियमचे आटे उपटून स्टडबरोबर बाहेर येतात. मग सिलिंडरच्या सांध्यातून वायू निसटतो, तेल झिरपते, आणि एंजिनातून ठकठक ऐकू येऊ लागते.

सामान्य निदान असे की, मॅग्नेशियम वाईट. आम्हांस हे अर्धवट वाटते. हेच कवच 1974 च्या आधीच्या लहान एंजिनांत पुष्कळसे निमूट काम करीत होते. फरक एंजिनाच्या आकारात होता तसा तो त्याच्या खाली जे काही येऊन बसले त्यातही होता.

1970 साली अमेरिकेने हवा शुद्ध राखण्याचा कायदा कडक केला आणि मोटारींच्या धुरातील काही विषारी द्रव्ये जवळजवळ 90 टक्क्यांनी घटविण्याचे बंधन कारखानदारांवर घातले. लॉस एंजलिसच्या धुरकट आकाशाखाली राहणाऱ्या माणसांचा श्वास त्यामागे होता. कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही. पोर्शेचा मोठा गिऱ्हाईक अमेरिकाच. तेव्हा कंपनीने 1975 पासून कॅलिफोर्नियाच्या आणि पुढे इतर अमेरिकन गाड्यांत ‘थर्मल रिॲक्टर’ बसविले. ही धुराच्या वाटेवरची एक भट्टी असते. न जळलेले पेट्रोल तिच्यात बाहेरून हवा घालून जाळतात, म्हणजे धूर निर्दोष होतो. पण ही भट्टी नेमकी सिलिंडरांच्या माथ्याखाली ठेवलेली! भट्टी धगधगती राहावी म्हणून ठिणगीही उशिरा पाडावयाची. शिवाय काही वर्षांच्या एंजिनांत अकराऐवजी पाच पात्यांचा पंखा. पाण्याच्या एंजिनाने ही आगळीक कदाचित पचविली असती, कारण पाणी उष्णता साठवते आणि समान वाटते. वाऱ्याला ती सवलत नाही.

अशा गाडीचा मालक मिस्त्रीकडे गेला की मिस्त्री स्टड दाखवी, आणि बहुधा मालकाने गाडी पळविली कशी याचीच चौकशी होई. हे आम्हांस अन्यायाचे वाटते. आटे तुटले ते कवचात. पण ते तोडणारा ताप आला भट्टीतून, आणि भट्टी आली ती वाऱ्याचे एंजिन न सोडता नवा कायदा पाळण्याच्या हट्टातून.

हाच प्रश्न त्याच सुमारास जपानात वेगळ्या रीतीने सुटला. सोइचिरो होंडा हेही हवेचे कट्टर अभिमानी. पाणी शेवटी हवेनेच निववायचे, मग मधला व्याप कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांची हवेने थंड होणारी शर्यतीची गाडी चाचणीत चालवून जॉन सर्टीझ यांनी ती शर्यतीस योग्य नसल्याचे सांगितले होते. तरीही 7 जुलै 1968 रोजी रुआँ येथे ती उतरविली गेली आणि तिच्यात जो श्लेसर जळून मेले. हा अपघात तापामुळे झाला असे आम्ही म्हणत नाही. पण अमेरिकन कायद्याच्या कसोटीला उतरावयाचे तर पाणीच हवे, असे तरुण तंत्रज्ञांनी पुढे आग्रहाने मांडले. होंडांचे सहकारी ताकेओ फुजिसावा यांनी त्यांना विचारले की, आपण कंपनीचे अध्यक्ष आहात की तंत्रज्ञ? होंडांनी अध्यक्षपद राखले आणि हट्ट सोडला. 1972 साली होंडाचे पाण्याचे एंजिन त्या कसोटीला उतरले, आणि 1973 साली दोघेही निवृत्त झाले.

पोर्शेने हट्ट सोडला नाही, औषध बदलले. 1978 च्या गाड्यांपासून 911 चे कवच पुन्हा ॲल्युमिनियमचे झाले आणि रिॲक्टर गेले. ॲल्युमिनियमच्या मानाने वाढणारे विशेष पोलादाचे स्टडही वापरून पाहिले. त्यांतले काही पुढे गंजून तुटू लागले, हा निराळा ताप. हवेवर चालणारी शेवटची 911 मार्च 1998 मध्ये कारखान्याबाहेर पडली. त्या चार वर्षांची जी मॅग्नेशियमची एंजिने अजून हयात आहेत, त्यांची कवचे उघडून मिस्त्री चोवीसही भोके मोठी करतात, त्यांत पोलादी आट्यांच्या बुशा बसवितात, आणि खालची भट्टी कोणी अजून काढली नसेल तर ती काढून बाजूला ठेवतात.