पहिली डाइव्ह, श्रीलंकेचा समुद्र आणि सुरतेचे रुपये

आजचा एपिसोड खरं तर इतिहासाचा नव्हताच. सुरुवात झाली एका व्हॉट्सॲप ग्रुपपासून. आम्ही चौघं, जुलैमधली आठ दिवसांची सुट्टी, आणि ठरलं एवढंच की श्रीलंकेत जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकायचं. मालवणला किंवा तारकर्लीला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ट्राय डाइव्ह केली असेल. इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून फिरवतो, खाली एक व्हिडिओ काढतो, झालं. आम्हाला तसं नको होतं. तीन-चार दिवसांचा पूर्ण कोर्स करायचा होता, सर्टिफिकेटवाला.

प्लॅन करायची जबाबदारी माझ्यावर आली. मी एका संध्याकाळी बसून झकास प्लॅन केला. आधी हिक्कडुवाला कोर्स, मग बट्टिकलोआला जाऊन ‘हर्मिस’ नावाची बुडालेली विमानवाहू युद्धनौका बघायची, आणि जमलं तर दक्षिणेला जिथे चांदीच्या नाण्यांचा खजिना सापडला तो खडक. ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे आले.

मग मला सवयीप्रमाणे इतिहास वाचायची हुक्की आली, आणि तो प्लॅन एकेक ओळ करत खोडावा लागला. ती खोडाखोड म्हणजे आजचा एपिसोड.

जुलै म्हणजे कुठला किनारा?

पहिली चूक अगदी बाळबोध होती. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करायचा आणि मग होड्या पाण्यात लोटायच्या, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण श्रीलंकेला एक समुद्र नाही, दोन आहेत असं समजा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आपटतात. म्हणजे हिक्कडुवा, उनावटुना, गॉल, सगळीकडे खवळलेलं, गढूळ पाणी. त्याच महिन्यांत पूर्वेचा किनारा, म्हणजे त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआ, डोंगरांच्या आडोशाला शांत असतो. डिसेंबरच्या सुमाराला ईशान्य वारे सुरू झाले की हे चित्र बरोबर उलटं होतं.

हे काही टूर कंपन्यांनी शोधलेलं नाही. हजारो वर्षं अरब, गुजराती, तमिळ, चिनी जहाजं याच वेळापत्रकावर चालली. वारा बदलेपर्यंत बंदरात थांबायचं आणि बदलला की निघायचं. त्रिंकोमालीचं बंदर एवढं खोल आणि सुरक्षित की त्याच्यासाठी पोर्तुगीज, डच, फ्रेंच आणि ब्रिटिश असे सगळे आलटून पालटून भांडले.

तेव्हा जुलैत हिक्कडुवा कॅन्सल. त्रिंकोमाली फिक्स.

एका दमाची नोकरी

आता मला प्रश्न पडला, की या पाण्यात सिलिंडर यायच्या आधी कोण उतरत होतं? उत्तर मिळालं वायव्येला, मन्नारच्या आखातात.

तिथे मोत्यांच्या शिंपल्यांचे पट्टे होते. मार्को पोलोनेही या भागातल्या मोतीवाल्यांबद्दल लिहिलंय. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, दोन मोसमी वाऱ्यांच्या मधला शांत काळ. म्हणजे पुन्हा तेच वाऱ्याचं कॅलेंडर! अरिप्पू नावाच्या ओसाड किनाऱ्यावर हंगामात झोपड्यांचं अख्खं शहर उभं राहायचं आणि हंगाम संपला की नाहीसं व्हायचं. तमिळ किनाऱ्यावरून, जाफन्याकडून आणि थेट अरबस्तानातून पाणबुडे यायचे.

काम कसं चालायचं ऐका. एका होडीत दहा पाणबुडे. पाच खाली, पाच वर. पायात दोरीला बांधलेला जड दगड, नाकावर बोट किंवा चिमटा, गळ्यात जाळीची पिशवी. दगडासकट तळ गाठायचा, मिनिटभर हाताला लागतील तेवढे शिंपले भरायचे, दोरीला झटका द्यायचा आणि वरच्यांनी ओढायचं. थोडा दम खाल्ला की परत खाली. दिवसभर हेच.

शार्कची भीती मोठी होती. म्हणून किनाऱ्यावर मंत्र म्हणणारे लोक बसवलेले असायचे. तमिळमध्ये त्यांना ‘कडलकट्टी’ म्हणत, म्हणजे समुद्र बांधणारा. त्यांनी मंत्र म्हटले नाहीत तर पाणबुडे पाण्यात उतरायलाच तयार नसत, म्हणून ब्रिटिश सरकार स्वतःच्या खर्चाने त्यांना ठेवायचं. आणि मोती? शेवटच्या काळात शिंपल्यांचा एक तृतीयांश वाटा पाणबुड्यांना मिळे, बाकी दोन तृतीयांश सरकारजमा होऊन लिलावात जाई. १९०६ साली सरकारने हे पट्टे एका कंपनीला भाड्याने दिले आणि पुढच्या काही वर्षांत शिंपलेच संपले.

हे वाचताना मी माझ्या खर्चाच्या शीटकडे बघितलं. त्यात ‘अंडरवॉटर कॅमेरा, भाडं’ अशी एक ओळ होती. जरा ओशाळल्यासारखं झालं.

बुडालेलं देऊळ आणि एक लेखक

डायव्हरने स्वतःची हवा स्वतःबरोबर न्यायची ही सोय अगदी अलीकडची. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ तयार केलं. डायव्हर श्वास घेईल तेव्हाच, आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देणारं यंत्र. आपण तोंडात धरतो तो रेग्युलेटर त्याचाच वंशज.

हे यंत्र घेऊन श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, १९५६ साली एक इंग्रज कायमचा राहायला आला. आर्थर सी. क्लार्क. हो, तोच विज्ञानकथावाला. त्याला अंतराळाचं वेड होतं आणि अंतराळातल्या वजनरहित अवस्थेच्या सगळ्यात जवळचा अनुभव त्याला पाण्याखाली मिळत होता. त्याच वर्षी तो आणि त्याचा दोस्त माइक विल्सन त्रिंकोमालीला स्वामी रॉकच्या पायथ्याशी उतरले. वर कड्यावर कोणेश्वराचं स्थान. ते जुनं शिवमंदिर पोर्तुगीजांनी १६२० च्या दशकात पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्यासाठी वापरले. बाकीचं कड्यावरून समुद्रात गेलं. क्लार्क आणि विल्सनला खाली कोरलेले खांब आणि घडवलेले दगड पडलेले दिसले.

विचार करा, तीनशे वर्षं वरून लोक समुद्राकडे बघून हात जोडत होते, आणि देऊळ बरोबर त्यांच्या खाली होतं.

पुढे १९६२ मध्ये क्लार्कला पोलिओने गाठलं. जमिनीवर हिंडणं अवघड झालं, नंतरच्या वर्षांत तर व्हीलचेअर आली. पण डायव्हिंग त्याने सोडलं नाही, कारण पाण्यात पायांवर भार पडत नाही. हिक्कडुवाचं त्याचं डायव्हिंग सेंटर २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालं.

सुरतेचे रुपये

आता खजिना. मार्च १९६१. माइक विल्सन दोन अमेरिकन पोरांना घेऊन दक्षिणेच्या किरिंदा गावापासून दूर समुद्रात, ग्रेट बासेस नावाच्या खडकांपाशी शूटिंग करत होता. तिथे ब्रिटिशांनी १८७३ साली सुरू केलेलं दीपगृह आहे, कारण हे खडक जहाजांचे काळ. वर्षातले काही आठवडेच तिथे पाण्यात उतरण्याइतकी शांतता असते.

खाली त्यांना लहान पितळी तोफ दिसली, आणि मग चांदीच्या नाण्यांचे गठ्ठे. पिशव्या कधीच कुजून गेल्या होत्या, पण नाणी एकमेकांना चिकटून पिशवीचाच आकार धरून बसली होती. एकेका गठ्ठ्यात सुमारे हजार रुपये.

मी इथे अडकले, कारण ही नाणी औरंगजेबाची. टांकसाळ सुरत, हिजरी सन १११३. म्हणजे आपल्या हिशेबाने १७०१-०२. आता हे वर्ष आपल्या बाजूने आठवा. राजाराम महाराज जाऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, ताराबाई लढाई चालवतायत, आणि म्हातारा औरंगजेब स्वतः विशाळगडाला वेढा घालून बसलाय. डिसेंबर १७०१ ते जून १७०२ तो वेढा चालला. शाळेत आपण हे शिकतो तेव्हा घोडे, तोफा, किल्ले एवढंच दिसतं. पण त्याच महिन्यांत त्याच बादशहाच्या नावाचे कोरे करकरीत रुपये सुरतेत पाडले जात होते, पिशव्यांत भरून व्यापारी जहाजावर चढत होते आणि लंकेला वळसा घालून पूर्वेकडे जायच्या बेतात होते. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये सुरतच का गाठली, याचं उत्तर मला त्या गठ्ठ्यांत दिसलं. त्या बंदरातून पैसा अक्षरशः पोत्यांनी वाहत होता.

पण ग्रेट बासेस माझ्या प्लॅनमधून गेलं. जुलै हा तिथला ऋतू नाही, आणि तिथले प्रवाह नवशिक्याचे लाड करत नाहीत.

हर्मिस

आता ज्याच्यासाठी सगळ्यांनी अंगठे दिले होते ते. एचएमएस हर्मिस, पहिल्या आराखड्यापासून विमानवाहू म्हणूनच बांधायला घेतलेली जगातली पहिली नौका. ९ एप्रिल १९४२. जपानी हल्ला येतोय ही खबर मिळाल्यावर ती आदल्या रात्री त्रिंकोमाली सोडून निघाली होती. सकाळी बट्टिकलोआजवळ जपानी विमानांनी तिला गाठलं. तिच्यावर त्या वेळी स्वतःचं एकही विमान नव्हतं. अर्ध्या तासाच्या आत बुडाली. ३०७ माणसं गेली.

ती पन्नास मीटरपेक्षा जास्त खोल आहे. आमच्या कोर्सचं सर्टिफिकेट अठरा मीटरचं. हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादाच चाळीस मीटर. म्हणजे मी ग्रुपवर जे टाकलं होतं ते चार नवशिक्यांना जिवावर बेतणारं होतं, आणि कुणालाही, मलासुद्धा, ते कळलं नव्हतं. शिवाय ती ‘साइट’ असली तरी आधी एक कबर आहे. यादवी युद्धामुळे १९८३ ते २००९ हा पूर्व किनारा बाहेरच्या माणसाला जवळजवळ बंदच होता. तिथे आपण आज सुट्टीला जाऊ शकतो हेच नवीन आहे.

फॉर्मवरचा एक चौकोन

शेवटची खोडाखोड माझी स्वतःची. कोर्सच्या आधी एक मेडिकल फॉर्म भरावा लागतो. त्यात दम्याबद्दल विचारतात. मला लहानपणी दमा होता, थंडीत अजूनही कधीतरी पंप लागतो. मैत्रीण म्हणाली, "अगं, ‘नाही’वर टिक कर ना, कोण बघतंय?"

मी टिक करणारही होते. पण का विचारतात ते वाचलं. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे घेतलेली हवा वर येताना दुप्पट जागा मागते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. दम्यात श्वासनलिका आवळली तर हवा आत अडकते, आणि वर येताना फुप्फुस फाटू शकतं. मन्नारच्या पाणबुड्याला असा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. त्याचा दम संपला तर तो त्याचा प्रश्न होता. मला कुणीतरी विचारतंय आणि मी खोटं सांगणार?

तर सध्याचा प्लॅन असा. जुलै, त्रिंकोमालीजवळचं निलावेली. तिथे कोर्स, मग पिजन आयलंड. ब्रिटिश काळात त्या बेटावर नेमबाजीचा सराव चालायचा, २००३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. एक दिवस स्वामी रॉकवर जाऊन खाली बघायचं. पाण्यातून काहीही उचलायचं नाही, प्रवाळाचा तुकडासुद्धा. आणि शेवटचा दिवस पूर्ण कोरडा, कारण डायव्हिंगनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही.

पुढच्या आठवड्यात माझी छातीच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट आहे, फुप्फुसांची टेस्ट. ते ‘हो’ म्हणाले तर चौघं उतरू. ‘नाही’ म्हणाले तर तिघं खाली जातील आणि मी पिजन आयलंडला स्नॉर्केल लावून वरून बघीन. तिथलं प्रवाळ उथळ आहे, वरूनही दिसतं. तिकिटं मात्र टेस्टनंतरच काढायची, हे ग्रुपवर सांगून टाकलंय. अंगठे यायला या वेळी जरा वेळ लागला, पण आले.

भेटूया पुढच्या एपिसोडला!